करमाफीचा कारखाना

अनुसयाबाईंच्या नावावर पोस्टात सात हजार रुपये होते आणि नऊ वर्षं घरात कोणी त्यांचा विषय काढला नव्हता. पुलगावच्या गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम असलेला त्यांचा नवरा तापानं गेला, मागं मूलबाळ नव्हतं, तेव्हा विम्याचे आणि फंडाचे मिळून आलेले ते पैसे. ते पोस्टात टाकून त्या वर्ध्याला थोरल्या भावाकडे, अण्णाजी गुल्हान्यांकडे आल्या आणि तिथल्याच झाल्या. अण्णाजींचा सरकी-ढेपेचा ठोक व्यापार होता. विधवा बहिणीच्या पैशाला हात लावणारा माणूस आपण नव्हे, असं ते चारचौघांत सांगत. ते खरंही होतं, कारण तोवर त्यांना त्या पैशांची गरज पडली नव्हती.

गरज पडली ती सत्तावन सालच्या निवडणुकीनंतर. अण्णाजींचा मुलगा प्रभाकर नागपूरला रेडिओचं शिकून आला होता. नालवाडीच्या गुलाबला हाताशी धरून तो दुकानामागच्या पडवीत मोटारीच्या बॅटरीवर चालणारे लाउडस्पीकर बनवायचा. अण्णाजी त्याला ‘भोंग्याचं खूळ’ म्हणत. निवडणुकीत चारही उमेदवारांनी त्याच पडवीतून भोंगे भाड्यानं नेले, आणि गावभर एकमेकांना शिव्या देणारे चार आवाज एकाच खुळातून निघाले, तरी अण्णाजींचं मत बदललं नाही. मत बदललं ते मोतीलाल वकिलांमुळे.

मोतीलाल कराचे वकील होते. घराणं मारवाडातलं, पण तीन पिढ्या वर्ध्यात गेल्यानं भाषा इथलीच. एका रविवारी दुपारी ते आले, पान लावलं आणि म्हणाले, “अण्णाजी, सरकार म्हणून राह्यलं, कारखाने काढा. नवीन कारखाना काढला तं पाच वर्ष त्याच्या नफ्यावर टॅक्स माफ. एका मर्यादेपर्यंत, पण माफ.”

“म्हंजे सरकार पैसे देऊन राह्यलं?”

“देत नाई. घेत नाई.”

“मले दोन्ही सारखंच हाय,” अण्णाजी म्हणाले. “पुढं सांगा.”

पुढं अटी होत्या. जुन्या धंद्याचा तुकडा तोडून केलेला कारखाना चालणार नाही. जुनी इमारत नको, जुनं यंत्र नको. विजेवर काम असेल तर दहा कामगार हवेत आणि वीज नसेल तर वीस. मोतीलालांनी आवाज खाली आणला. “आन् भांडवल दुकानातून काढलं तं साहेब म्हणन, हा तं दुकानाचाच तुकडा हाय. पैसा बाहेरचा पाह्यजे. पक्का, कागदपत्रवाला.”

अनुसयाबाई आतल्या दारात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. बोलणं थांबलं म्हणून त्यांनी मान वर केली, तर भाऊ, वकील आणि वहिनी तिघंही त्यांच्याकडेच पाहत होते.

त्या संध्याकाळी रुख्मिणीवहिनीनं त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. नऊ वर्षांत त्या सगळ्यांचं झाल्यावर, उरल्यासुरल्या भाकरीवर बसत. आज ताट वाढून आलं आणि वरणावर तुपाची धार पडली. “घ्या ना बाई,” वहिनी म्हणाली, “तुमी किती कमी खाता!” अनुसयाबाईंनी मुकाट्यानं खाल्लं. तूप चांगलं होतं, आणि ते कशासाठी आहे हे कळण्याइतकं वयही त्यांचं झालं होतं.

जेवण झाल्यावर अण्णाजींनी बेत सांगितला. त्यांनी तो लपवलाही नाही, कारण तिला त्यातलं काही कळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. कारखाना अनुसयेच्या नावावर निघेल. दुकान त्याच्याकडून सरकीच्या जाहिरातीसाठी भोंगे विकत घेईल. म्हणजे बिल फाटेल, पैसे या खिशातून त्या खिशात जातील आणि भोंगा कुठं हलायचा नाही. दुकानाचा नफा तेवढा कमी दिसेल, कारखान्याचा वाढेल, आणि कारखान्याचा तर माफच आहे.

“मले काय करा लागते, भाऊ?”

“काईच नाई. नाव तुहं, काम आमचं. सांगन तिथं सही करजो.”

“दोन दिवस दे मले.”

अण्णाजींना हसू आलं. दोन दिवसांत ही काय करणार! पण पैसा तिचा होता, म्हणून ते हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई दुकानामागच्या पडवीत गेल्या. तीन वर्षं त्या गुलाबला मागच्या खिडकीतून पाहत होत्या. उंच, सावळा, बोलायला मोजका. आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून तो अण्णाजींसमोर मान खाली घालून उभा राहत नसे, आणि अण्णाजींना ते खुपायचं. पण भोंगा दुरुस्त त्यालाच यायचा. अनुसयाबाई त्याच्याशी कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आज त्यांनी प्रभाकरला बाजूला सारून थेट त्यालाच विचारलं.

“माहे सात हजार घातले तं बुडतीन का?”

प्रभाकर घाईनं म्हणाला, “नाई आत्या, बुडत नाई...”

“तुले नाई विचारलं.”

गुलाबनं हातातली तार खाली ठेवली. “बुडू शकते, बाई. खोटं काऊन सांगू? पण भोंगा वाजते. पंचायतवाले रोज मागून राह्यले. आमी दोघं मिळून महिन्याले दोन बनवतो. कॉइल हातानं गुंडाळा लागते, त्यात आठ दिवस जातेत. मशीन असली अन् गुंडाळाले माणसं असली, तं महिन्याले दहा होतीन.”

“अन् अण्णाजीचा जो हिसाब हाय, बिलं फाडाचा?”

प्रभाकरनं मान खाली घातली. गुलाब म्हणाला, “त्या हिसाबात भोंगा बनवाची गरजच नाई.”

नऊ वर्षांत अनुसयाबाईंनी कोणाला पैशाबद्दल प्रश्न विचारला नव्हता, आणि विचारला असता तरी कोणी असं सरळ उत्तर दिलं नसतं. परत जाताना त्यांना भीती वाटत होती, पण त्या भीतीत एक तरतरीही होती. दोन दिवसांनी त्या अण्णाजींना म्हणाल्या, “पैसे देतो मी. पण कारखान्याच्या पैशाच्या पेटीची किल्ली माह्याजवळ राहीन.”

“ठेवजो,” अण्णाजी म्हणाले. “दोन ठेवजो.”

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर सिंदी मेघेला नव्यानं बांधलेल्या भाड्याच्या शेडमध्ये ‘अनुसया ध्वनिवर्धक उद्योग’ सुरू झाला. जुनी इमारत चालत नाही म्हणून ती जागा घेतली होती, आणि त्या एका अटीमुळे कारखाना अण्णाजींच्या नजरेपासून दोन मैल लांब गेला. मोतीलालांनी कामगारांची यादी केली. प्रभाकर, गुलाब, खोके बनवणारा चंद्रभान सुतार आणि एक रंगारी असे चार खरे. उरलेली सहा नावं दुकानातल्या हमालांची. त्या हमालांना आपण कारखान्यात कामाला लागलोय हे कोणी सांगितलं नाही.

अनुसयाबाई आधी मंगळवारी सह्या करायला जात. मग मंगळवार-शुक्रवार जाऊ लागल्या, आणि पोळ्यापर्यंत रोज. घरात कोणी अडवलं नाही, उलट टांग्याचे पैसे मिळत. मालकीण कारखान्यात दिसलेली बरी, असं मोतीलालांचंच म्हणणं होतं. त्या घरून पाण्याचा तांब्या नेत. एका दुपारी तो लवंडला. घशाला कोरड पडली, तेव्हा त्यांनी गुलाबच्या डब्याशेजारच्या माठातून पाणी घेतलं आणि प्यायल्या. गुलाबनं पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तांब्या नेला नाही, आणि वहिनीनं विचारलं तेव्हा ओझं होतं एवढंच सांगितलं.

दिवाळीच्या आधी दुकानातून चिठ्ठी आली: ‘चार भोंग्यांचं बिल पाठवणे, दर साडेतीनशे.’ अण्णाजींच्या बेताचा हा पहिला हप्ता होता. अनुसयाबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचून गुलाबपुढे धरली.

“चार तयार हायत?”

“तीन. चौथा परवा होईन.”

तिसऱ्या दिवशी सरकीच्या दुकानापुढं छकडा उभा राहिला, वर चार भोंगे, आणि बिल. दिवाणजींनी मालाची पोच लिहून दिली, कारण माल समोर होता. खतावणीत लिहायचं होतंच, आता त्याप्रमाणे रोख चौदाशे रुपये द्यावे लागले. अण्णाजी संध्याकाळी घरी येऊन गरजले, “तुले कागद मांगतला होता, भोंगे काऊन पाठवले?”

“बिल फाडलं तं माल द्या नाई लागत का, भाऊ?” अनुसयाबाईंनी विचारलं. “मले कोठी समजते धंद्यातलं. मले वाटलं तसंच असते.”

रुख्मिणीवहिनीनं पदर तोंडाला लावला. अण्णाजींनी हिशेबाचं वर्ष संपेस्तोवर बिलांचं नाव काढलं नाही. भोंगे ढेपेच्या पोत्यांवर बसून राहिले.

त्या चौदाशे रुपयांतून अनुसयाबाईंनी सहा बाया कामावर घेतल्या. गुलाबची थोरली बहीण धुरपता, तिच्या शेजारची तानाबाई, सिंदीच्या मीराबाई आणि आणखी तिघी. कॉइल गुंडाळताना तार तुटू न देणं हे कापूस वेचणाऱ्या बोटांना लवकर जमलं. धुरपता तर पंधरा दिवसांत गुलाबला चुका सांगू लागली. अनुसयाबाईंनी एक वही केली, रोजची हजेरी, समोर अंगठा. अण्णाजी शेडकडे फिरकले नाहीत. कागदावर दहा माणसं आहेत, एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि कागद त्यांच्या वकिलानंच केला होता.

पुढच्या जुलैत पहिल्या वर्षाचा हिशेब भरला, करमाफी मागितली, आणि खात्याचं पत्र आलं की शनिवारी इन्स्पेक्टर स्वतः कारखाना पाहतील.

शनिवारी सकाळी शेडपुढं बैलगाडी थांबली. धुतलेले सदरे घातलेले सहा हमाल उतरले. पुढं होता तानबा, दोन पोती एकदम उचलणारा.

“काऊन आले तुमी?” अनुसयाबाईंनी विचारलं.

“अण्णाजीनं पाठवलं, बाई. म्हने, तिथं बसा अन् हातात काई बी धरा.” तानबानं इकडंतिकडं पाहिलं आणि जवळचा कर्णा उचलून मांडीवर घेतला, एखादं पोर घ्यावं तसा.

त्यांना परत पाठवायला वेळच मिळाला नाही. मागोमाग टांगा आला. त्यातून अण्णाजी, मोतीलाल आणि पुण्याकडचे एक किडकिडीत इन्स्पेक्टर उतरले. अण्णाजी दारातच थबकले. आत यंत्र घरघरत होतं, सहा बाया ओळीनं तार गुंडाळत होत्या, गुलाब झाळकाम करत होता, चंद्रभान खोक्याला रंधा मारत होता. त्यांनी मोतीलालांकडे पाहिलं. मोतीलालांनी चष्मा पुसायला घेतला.

इन्स्पेक्टरांनी बोटानं माणसं मोजली. “यादीत दहा आहेत. मला इथे सोळा दिसतात.” ते पहिल्यांदाच हसले. “माणसं कमी भरतात हे मी रोज पाहतो. जास्त भरलेली आज प्रथमच.”

त्यांनी यादीतली नावं पुकारली. पाचवं नाव तानबाचं.

“तुम्ही काय काम करता?”

“पोते उचलतो, साहेब.”

“इथे कसली पोती?”

“इथं नाई. दुकानात. सरकीचे.”

अण्णाजींना खोकला आला. मोतीलाल म्हणाले, “साहेब, माल चढवा-उतरवाले लागतेत ना...”

“हजेरी कोण ठेवतं?”

अनुसयाबाईंची वही पेटीत होती आणि किल्ली कमरेला. अण्णाजी त्यांच्याकडे पाहत होते. लहानपणी दोघांनी मिळून काही फोडलं की ते असेच पाहत, आणि ती कधी बोलत नसे. दहा वर्षं त्यांच्या घरचं अन्न खाल्लं होतं. वही काढली नाही तर भाऊ सुटेल. आणि यादीच्या हिशेबानं धुरपता, तानाबाई, मीराबाई या शेडमध्ये कधी आल्याच नव्हत्या, असं होईल. धुरपतानं तार गुंडाळणं थांबवलं नव्हतं, पण तिची बोटं सावकाश चालली होती.

अनुसयाबाईंनी पेटी उघडली. “हजेरी मी ठेवतो, साहेब. हे सहा माणसं खरे हायत, पण भावाच्या दुकानातले. माह्याकडं हे दहा.”

“आणि ही यादी?”

“ते वकीलसाहेबाची हाय. ते कधी आले नाईत इकडं, त्याईले मालूम नसन.”

इन्स्पेक्टरांनी वही चाळली. अंगठे पाहिले. धुरपताला रोज किती मिळतो ते विचारलं, मीराबाईंना विचारलं, वहीशी ताडून पाहिलं. मग विक्रीचे कागद घेतले. एका जागी त्यांचं बोट थांबलं.

“गुल्हाने सरकी भांडार, चार नग. अण्णाजी, सरकी विकायला चार लाउडस्पीकर?”

“जाहिरात,” अण्णाजी कसेबसे म्हणाले.

“आहेत का दुकानात?”

“हायत, साहेब! चारही हायत. येऊन पाहा!”

त्या सकाळी अण्णाजी जे काही बोलले, त्यातलं तेवढंच खरं होतं, आणि तेही बहिणीच्या कृपेनं.

तासाभरानं इन्स्पेक्टरांनी कागद आवरले. “कारखाना खरा आहे. भांडवल नवं, जागा नवी, दहा माणसं. सूट मिळायला अडचण दिसत नाही, मी तसं लिहीन.” मोतीलालांनी अण्णाजींच्या खांद्यावर हात ठेवला. इन्स्पेक्टर पुढं म्हणाले, “मजुरी वगैरे जाऊन वर्षाचा नफा दोनशे बारा रुपये आहे.”

“मंग टॅक्स किती वाचला?” अण्णाजींनी विचारलं.

“काहीच नाही. एवढ्याशा उत्पन्नावर तसाही कर लागत नाही.” इन्स्पेक्टर उठले. “या सहा हमालांचं मात्र बघावं लागेल. मजुरी दुकानात धरलेली आणि नावं इथं दिलेली. सोमवारी दुकानाच्या वह्या घेऊन कचेरीत या. पाच वर्षांच्या आणा.”

सोमवार, मंगळवार, बुधवार वह्या तपासण्यात गेले. भोंग्यांबद्दल काही निघालं नाही. निघाली ती कर चुकवून लपवलेली सरकीची विक्री, जिच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं, आणि करमाफीचा अर्ज केला नसता तर पुढंही पाहिलं नसतं. मोतीलालांनी दंड कमी करून आणला आणि त्याची वेगळी फी सांगितली.

गुरुवारी सकाळी अण्णाजींनी बहिणीला बैठकीत बोलावलं. प्रभाकर दारात उभा होता.

“बंद कर तो कारखाना,” अण्णाजी म्हणाले. “माह्या घरात राहून माह्याच गळ्यावर सुरी! तुहे सात हजार काढून घे अन् पोस्टात ठेव.”

या घरातून निघावं लागलं तर कुठं जायचं, हा प्रश्न अनुसयाबाईंना शनिवारपासून झोपू देत नव्हता, आणि त्याचं उत्तर अजून मिळालं नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, “आता कसा बंद करू, भाऊ? सरकारनं पाच वर्ष सांगतली. एकच झालं. चार बाकी हायत.”

“अवं पण सूट शून्य रुपयाची हाय!”

“शून्य असो. तूच तं घेऊन देल्ली. आता सरकारी कागदावर नाव हाय माहं. मधातच बंद केला तं साहेब पुन्हा येईन, काऊन बंद केला म्हून विचारीन. अन् वह्या पाहीन.”

साहेब पुन्हा येईल की नाही हे अनुसयाबाईंनाही ठाऊक नव्हतं. अण्णाजींनी मुलाकडे वळून पाहिलं. “तू काय म्हनतं?”

प्रभाकर घाबरतच म्हणाला, “मी आत्याच्या इथं नोकरीवर हाव, अण्णाजी. आज आर्वीच्या पंचायतीचे सहा नग पाठवाचे हायत.” आणि बापाच्या उत्तराची वाट न पाहता तो सायकल काढायला गेला.

अण्णाजी दुकानात गेले. अनुसयाबाई स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसून राहिल्या. शनिवारपासून त्यांचं ताट पुन्हा शेवटी वाढलं जात होतं. आज वहिनी काय ऐकवते, याची त्या वाट पाहत होत्या.

रुख्मिणीवहिनी बाहेर डोकावून आली. दार लोटलं. मग तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून तिनं फडक्यात बांधलेलं पुडकं बाहेर काढलं आणि अनुसयाबाईंपुढं ठेवलं.

“साडेतीनशे हायत,” ती कुजबुजली. “माहेरचे. वीस वर्ष जमवून राह्यली मी. ह्याईले मालूम नाई. घेता का कारखान्यात?”

अनुसयाबाईंनी पुडक्याला हात लावला नाही.

“सोमवारी वह्याईसंग हेही निघाले असते तं?” वहिनी म्हणाली. “तुमच्या इथं साहेबानं सारं पाह्यलं अन् एक बी चूक नाई निघाली. मी ऐकलं ना. ठेवाले याच्याहून पक्की जागा कोणती?” मग तिला काही आठवलं. “अन् याच्यावर बी भेटते का ते सूट?”

“सूट भेटते, वहिनी,” अनुसयाबाई म्हणाल्या. “नफ्याचं सांगता येत नाई.”

वहिनीनं थोडा विचार केला. मग पुडकं त्यांच्याकडे आणखी सरकवलं आणि म्हणाली, “पावती माह्या नावानं फाडजा. ह्याईच्या नाई.”